सळई कुणाच्या हातात

४ नोव्हेंबर

मुंगे, तुला आजीचा गालगुच्चा, दोन्ही गालांचा.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन हातात देत म्हणाला, "आजी, हल्ली पत्रं कोण लिहितं?" मी म्हटलं, "माझी नात लिहिते, म्हणून तर तुझी नोकरी टिकलीय. बस, चहा घे." तो बसला आणि चांगला दोन कप प्यायला. पलीकडच्या शिंपिणीनं खिडकीतून विचारलंच, एवढं जाड पाकीट कुणाचं. मी मुद्दाम सांगितलं नाही. तडफडू दे जरा.

फोनवर बोलायचं म्हणजे सगळं घर कान लावून बसतं. तू विचारतेस बरी आहेस ना, मी म्हणते बरी आहे, आणि झालं. पत्राचं तसं नाही. ते उशीखाली राहतं. दुसरी यत्ता शिकलेल्या बाईला एक पत्र आठवडाभर पुरतं. फक्त अक्षर मोठं काढ. तुझा 'क' आणि 'फ' एकाच आईची लेकरं वाटतात, त्यामुळे तुमच्या भट्टीत 'फोळसा' घालतात असं मी तीनदा वाचलं.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस की तुमच्या लोखंडाच्या भट्टीत कोकच्या ऐवजी कोळसा घालायचं चाललंय आणि ते काम तुझ्याकडे आहे. अगं, मग यात नवीन ते काय? तुझे आजोबा लोहार, आणि मी एकवीस वर्षं त्यांच्या भात्यावर. कोळसा कसा फुरफुरतो, कसा रुसतो, ओला असला की कशी थाप मारतो, हे मला झोपेतून उठवून विचार. पण हा कोक कोण, ते नीट समजलं नाही. आणि तू फावड्यानं घालतेस का? घालत असलीस तर गुडघे वाकवून घाल, कमरेतून नको. माझी कंबर त्यातच गेली.

डोळ्यांना नवा चष्मा लागलाय. त्यातून शिंपिणीच्या मिश्या दिसतात. हे तिला सांगणार नाही.

तुझी आजी


१५ नोव्हेंबर

आजी,

फावडं नाही गं. आमची भट्टी सात मजली इमारतीएवढी उंच आहे. वरून एक थर लोखंडाच्या दगडाचा, एक थर कोकचा, असं पडत राहतं. खाली चारी बाजूंनी अठरा तोंडं आहेत, त्यातून तापलेला वारा आत मारतात. सगळं हळूहळू खाली सरकतं. वरून टाकलेलं खाली पोचायला सहा-सात तास लागतात, आणि तळाशी लोखंडाचं पाणी जमतं.

कोक म्हणजे हवाबंद भट्टीत भाजून, धूर काढून टाकलेला कोळसा. हलका, छिद्राछिद्रांचा, पण टणक. तो आत दोन कामं करतो. एक, जळतो. दुसरं, वरचा सगळा भार अंगावर घेऊन उभा राहतो, म्हणून मधल्या फटींतून वारा वर जातो. पण तो लांबून येतो आणि फार महाग आहे. म्हणून साधा कोळसा पिठासारखा दळून त्या तोंडांतून वाऱ्याबरोबर आत मारायचा आणि कोक कमी करायचा. पीठ पहिलं काम करतं, दुसरं करू शकत नाही. त्यामुळे कोक अजिबात बंद होणार नाही, पण तिसरा हिस्सा तरी वाचायला हवा. जानेवारीअखेरपर्यंत ते जमलं तर ही जुनी भट्टी चालू राहील. नाहीतर ती विझवणार आहेत. आणि ही चाचणी माझ्या नावावर आहे, आजी. नोकरीला लागून मला दीडच वर्ष झालंय.

आमचे फोरमन एकतीस वर्षं याच भट्टीवर आहेत, सगळे त्यांना भट्टीमामा म्हणतात. निळ्या काचेतून आत बघतात आणि म्हणतात, "थंडावतेय." यंत्र तेच अर्ध्या तासानं सांगतं. मला म्हणाले, "पोरी, तुझं पीठ चांगलं आहे. पण माझी भट्टी चावून खाणारी आहे."

खरंच नीट चालत नाहीये. पीठ वाढवलं की भट्टी आधी थोडी थंडावते. ते बघून पहिली पाळी पीठ कमी करते, दुसरी घाबरून वाढवते, तिसरी पुन्हा कमी करते. प्रत्येकाला वाटतं आपण भट्टी सावरली, आणि ती झोपाळ्यासारखी हिंदकळत राहते. काय करावं सुचत नाही.

तुझी मुंगी
('क' सुधारलाय का बघ.)


२३ नोव्हेंबर

मुंगे,

'क' सुधारला. आता 'भ' बिघडलाय, पण असू दे.

थंडावते म्हणजे काय, थंडावणारच. कच्चा कोळसा घातला की तो आधी आपला ओलावा टाकतो, धूर टाकतो, आणि त्या सगळ्याला ऊब विस्तवाचीच लागते. पोटात घेतो तेव्हा घेतो, द्यायला मागून सुरुवात करतो. एवढं मोठं शिक्षण घेऊन तुमच्याकडे हे कुणाला माहीत नाही का? माहीत असेल. माहीत असून हात थांबत नाही, तेच कठीण.

तुला एक गोष्ट सांगते. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. आम्ही नेहमी लाकडाचा कोळसा वापरायचो. त्या वर्षी तो मिळेना, तेव्हा खाणीतला दगडी आणला. तुझ्या आजोबांनी विहिरीच्या रहाटाचा कणा तापत ठेवला होता, बागवाल्याचा, चांगला हातभर लांब. ते बाहेर कुणाच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बघायला गेले. भात्यावर मी, विस्तवाशी सासूबाई. सासूबाई म्हणजे तुझी पणजी, बारीक अंगाची, तोंडानं तिखट, पण माझं डोकं दुखलं की न बोलता तेल घेऊन यायची.

तर सासूबाईंनी कोळसा घातला आणि विस्तव मंद झाला. त्यांना वाटलं विझतोय, म्हणून अजून घातला. अजून मंद. पुन्हा घातला. आणि मग सगळा एकदम पेटला, गं. मी आपली भाता ओढतेय. कण्यातून पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या, तारे उडावे तशा. लोखंडच जळत होतं. एकदा जळलेलं लोखंड कामाचं राहत नाही, हातोडी मारली की चुरा होतो. तसंच झालं.

तुझे आजोबा ओरडले नाहीत. विस्तव सारायची सळई असते ना, ती त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि म्हणाले, "आजपासून सळई ज्याच्या हातात, त्यानंच विस्तवाला हात लावायचा. बाकीच्यांनी आधी त्याला विचारायचं." झालं. त्यानंतर आमच्याकडे लोखंड जळलं नाही. पण गल्लीनं सासूबाईंचं नाव पाडलं, कणाजाळी. शेवटपर्यंत ते त्यांना चिकटलं. लहान पोरंसुद्धा म्हणायची. त्या हसून घ्यायच्या.

तुमच्याकडे तीन पाळ्या म्हणजे तीन सासवा आहेत. सळई एकच ठेव.

भाता अजून भिंतीला आहे. मांजरीनं त्यात पिल्लं घातलीत, तीन. एक अगदी कोळशासारखं काळं आहे. त्याचं नाव कोक ठेवलंय.

तुझी आजी


९ डिसेंबर

आजी, ऐक.

तुझी गोष्ट मी भट्टीमामांना वाचून दाखवली. ते बराच वेळ हसले. दुसऱ्या दिवशी कंट्रोल रूममध्ये खिळा ठोकलेला, आणि त्याला खरीखुरी लोखंडी सळई. खाली फळ्यावर खडूनं लिहिलेलं: 'पीठ बदललं की आठ तास कुणी हात लावायचा नाही. शंका आल्यास सळईवाल्याला विचारा.' आता पाळी बदलताना सही नंतर होते, सळई आधी हातात दिली जाते. मामा तर ती कमरेला खोचून फिरतात.

आणि भट्टी शांत झाली. पीठ वाढवलं की ती थोडी उतरते, आम्ही दातावर दात दाबून बसतो, आणि सहा-सात तासांनी ती आपणहून वर येते. वाऱ्यात प्राणवायू जरा जास्त घालतो, वाराही जास्त तापवतो, म्हणजे पीठ आत शिरल्याबरोबर जळतं. त्याला जळायला पापणी लवेपर्यंतचाही वेळ मिळत नाही. न जळलेलं पीठ वर जाऊन फटी बुजवतं, त्याचीच आम्हाला भीती.

कोकचा पाचवा हिस्सा वाचलाय. तिसऱ्यापर्यंत जायचंय. कोक नावाच्या पिल्लाला माझा पापा.

तुझी मुंगी


२ जानेवारी

मुंगे,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. पोस्टमन आपणहून सांगतो, "आजी, आज नाही," आणि तरी चहाला बसतो.

मी काही काळजी करत नाहीये. तुझी आई करते. मी तिला म्हटलं, कामात असेल, तिच्या हाताखाली सात मजली भट्टी आहे. शिंपिणीला सळईची गोष्ट सांगितली. तिनं आपल्या दोन्ही सुनांना लगेच लागू केली आणि कात्री खिळ्याला टांगली. आता तिघी एकमेकींशी बोलत नाहीत. त्यामुळे मी ती गोष्ट सध्या कुणाला सांगत नाही.

पिल्लांचे डोळे उघडून जुने झाले. कोक सगळ्यांच्या अंगावर चढून बसतो.

दोन ओळी टाक. दोन म्हणजे दोनच टाकल्यास तरी चालेल.

तुझी आजी


८ जानेवारी

आजी,

पत्राला उशीर झाला. वीस डिसेंबरला भट्टी थंड पडली. खालून येणारं लोखंड घट्ट झालं, तोंडं बुजायला लागली. चार दिवस लागले तिला परत आणायला. सगळे तिथेच होतो. आता चालू आहे, पण पीठ अगदी कमी केलंय.

चौकशी झाली. भट्टीमामांच्या पाळीत पीठ मधेच वाढवलं गेलं होतं, आठ तासांच्या आत. त्यांनी पाळी आपली असल्याचं कबूल केलं. त्यांना भट्टीवरून काढून भांडारात बसवलंय. निवृत्तीला सात महिने राहिलेत. पेट्या मोजतात. त्यांची सळई खिळ्यावरच आहे, कुणी हात लावत नाही. जेवायच्या सुट्टीत ते आता आमच्यात येत नाहीत.

चाचणी माझ्याकडेच आहे. मी बरी आहे.

तुझी मुंगी


१३ जानेवारी

मुंगे,

पत्र चार वेळा वाचलं. मामांबद्दल इतक्या ओळी आणि स्वतःबद्दल 'मी बरी आहे', एवढंच. अक्षर मात्र फार सुंदर आलंय. तू लहानपणी काही फोडलंस की पाटीवर असंच सुंदर अक्षर काढायचीस. त्याचा इथे काही संबंध नसेल. म्हातारीला उगाच आठवलं.

मला तुला वेगळंच काही सांगायचंय. ती कण्याची गोष्ट. त्यात मी एक गोष्ट बदलून सांगितली.

सासूबाईंनी कोळसा एकदाच घातला. विस्तव मंद झाला, तर त्या म्हणाल्या, "थांब, येईल," आणि पाणी आणायला मागे गेल्या. मी भात्यावर एकटी. कणा समोर काळवंडतोय. मला वाटलं, विझला तर माझ्या हातून विझला म्हणतील, आठ महिन्यांची नवी सून, हिला भातासुद्धा येत नाही. मी उठले आणि कोळसा घातला. मग पुन्हा घातला. आणि परत येऊन भाता ओढायला लागले, जशी काही उठलेच नव्हते.

तुझे आजोबा आले तेव्हा ठिणग्या उडत होत्या. त्यांनी विचारलं, "कोळसा कुणी घातला?" सासूबाई पाण्याची बादली घेऊन दारात. म्हणाल्या, "मी घातला." त्यांनी घातलाच होता ना, एकदा. त्यांना वाटलं असणार, आपल्यानंच जास्त पडला. मी तोंड उघडलं नाही. आधी वाटलं संध्याकाळी सांगू. मग वाटलं उद्या. मग गल्लीनं नाव पाडलं, आणि मग ते नाव इतकं जुनं झालं की आता सांगून काय, असं वाटायला लागलं. त्या गेल्या तेव्हा मीच त्यांच्या उशाशी होते. तेव्हासुद्धा नाही सांगितलं.

तू म्हणशील, आजी, एका रहाटाच्या कण्याचं काय एवढं. काही नाही. पण बघ, पन्नासावर वर्षं झाली, आणि तुला लिहितानासुद्धा माझा हात आपोआप त्यांच्याकडेच बोट दाखवून गेला.

सांगायला आता कुणी उरलं नाही. तुला खोटं सांगितलं होतं, म्हणून तुला खरं सांगितलं. बाकी काही मागणं नाही. मामांना माझा नमस्कार सांग. गुडघे वाकवून पेट्या उचला म्हणावं.

तुझी आजी


२२ जानेवारी

आजी,

पीठ मी वाढवलं होतं.

त्या दिवशी रेल्वेच्या नव्या वाघिणींतला कोळसा आला होता, जास्त धुराचा. ठरल्याप्रमाणे पीठ चढवलं आणि तासाभरात उष्णता उतरायला लागली, नेहमीपेक्षा जास्त. दुपारची वेळ. मामा खाली तोंडं तपासायला गेले होते, सळई त्यांच्या कमरेला. खोलीत मी एकटी. पडद्यावरची रेघ खाली खाली जात होती. फळ्यावर तुझ्याच गोष्टीतला नियम लिहिलेला, आणि मला तो दिसेना. मी पीठ वाढवलं. वीस मिनिटांनी आणखी. तुला वेगळं सांगायला नको, गारठलेल्या विस्तवावर ओला कोळसा. पीठ जळेना, फटी बुजल्या, वारा अडला. मामा धावत वर आले, पीठ तोडलं, वरून जास्तीचा कोक टाकायला लावला. पण तो खाली पोचायला सात तास. तोवर उशीर झाला होता.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पीठ कुणी वाढवलं?" मामा म्हणाले, "पाळी माझी होती." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मला वाटलं संध्याकाळी सांगू.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "हे महिनाभरापूर्वी सांगायचं होतं." एवढंच. चाचणी माझ्याकडून काढली. तीन महिने मला कोळसा दळायच्या चक्कीवर पाठवलंय. मामांना त्याच दिवशी भट्टीवर परत बोलावलं.

साहेबांकडे जायच्या आधी मी भांडारात जाऊन त्यांना भेटले होते. ते बोल्टच्या पेटीवर बसून चहा पीत होते. म्हटलं, "मामा, तुम्हाला माहीत होतं."

"खोलीत दोन माणसं, पोरी. त्यातला एक मी, आणि मी खाली होतो. एवढं गणित मलाही येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझे सात महिने उरलेत. तुझी तीस वर्षं. आणि सळई कमरेला लावून मी खाली गेलो, तुझ्या हातात देऊन जायला हवं होतं."

"ते नियमात नव्हतं."

"मग आता घालू," म्हणाले. "बशीत घेतेस का थोडा?"

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. चहा घेतला.

आज तिसरा दिवस, मामांनी पीठ पुन्हा चढवलंय. भट्टीचं काय ठरेल माहीत नाही. चक्कीवरून मला ती फक्त बाहेरून दिसते. चेहरा सगळा काळा होतो, पण झोप लागते.

तुझी मुंगी


५ फेब्रुवारी

मुंगे,

आधी हे वाच. तुझ्या मामांचं पत्र आलं, माझ्या नावानं. पोस्टमननं आता अपरिचित अक्षर म्हणून पाकीट चार वेळा उलटसुलट केलं. तीनच ओळी आहेत, जशाच्या तशा उतरवते: 'आजीबाईंस नमस्कार. कोकचा तिसरा हिस्सा वाचला, भट्टी चालू ठेवायचं ठरलं. पीठ बारीक आणि कोरडं येतंय, चक्कीवर कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तिची सळई खिळ्यावर ठेवलीय, तीन महिन्यांनी येऊन घेऊन जाईल.'

मी ते पत्र शिंपिणीला दाखवलं, तिच्या दोन्ही सुनांना दाखवलं. तिघी एकत्र उभ्या राहून वाचत होत्या, म्हणजे तिकडेही बरं झालं म्हणायचं. आणि तुला चक्कीवर घातलं म्हणून तू कमीपणा मानू नकोस. दळणच बिघडलं तर पुढे कुणी काय करायचं?

आता माझं ऐक. तू सांगितलंस, मग मला वाटलं, मी नातीला लिहून मोकळी झाले, पण घरात कुठे सांगितलंय? काल जेवताना तुझ्या बाबांना म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तो रहाटाचा कणा तुझ्या आजीनं नाही जाळला. मी जाळला." माझा घास हातातच राहिला.

तुझे बाबा ताटातून वर न बघता म्हणाले, "माहीत आहे."

"कसं माहीत?"

"आजीनंच सांगितलं होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पोरं तिला कणाजाळी म्हणाली म्हणून मी त्यांना मारून आलो होतो. तेव्हा म्हणाली, 'मारू नकोस, मी नाहीच जाळला. मी एकदाच घातला होता, बादली घेऊन आले तर ढीग दिसला. पण तुझ्या आईला कळू देऊ नकोस मला माहीत आहे ते. तिचा भात्यावरचा हात बसलाय आता, उगाच कापायला लागेल.'"

मुंगे, मी उठून बाहेर गेले. तुझी आई म्हणाली, रडताय का. मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात. आमच्याकडे शेवटचा विस्तव पेटून वीस वर्षं झाली.

मग भिंतीवरची सळई उतरवली. ती अजून त्याच खिळ्याला होती, जरा गंजलेली. वाळूनं घासली, तेल लावलं. सासूबाईंच्या हातातली, मग माझ्या हातातली. ती तुला पाठवतेय, मामांच्या सळईशेजारी टांग. पोस्टमन म्हणतो, आजी, हे पाकिटात मावणार नाही. मी त्याला बसवलंय. तिसरा कप चाललाय. नेईल.

तुझी,
कणाजाळी आजी